साहेबाचं ऑपरेशन

गुडघ्यांवर बसून, भिंतीला नाक लावून ती इंच-इंच पुढे सरकत होती. आरशाखालचा कोपरा कोरडा. केस धुवायच्या बेसिनची मागची बाजू कोरडी. टॉवेलांच्या कपाटाशी पोचली आणि वास सापडला; तिखट, नाकातून थेट डोळ्यांत जाणारा. कपाटाच्या दारावर, जमिनीपासून हातभर उंचीवरून पिवळसर ओघळ खाली उतरला होता. तिने व्हिनेगरच्या पाण्यात फडकं पिळलं आणि दार घासायला घेतलं. सव्वानऊ झाले होते. दहाला बँकेतल्या बाई केस रंगवायला येणार होत्या.

आत स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून बोक्याने पुन्हा सूर लावला. आधी घशातल्या घशात घोळवत, मग चढत चढत असा, की कुणाचा तरी गळा दाबला जातोय असं ऐकणाऱ्याला वाटावं.

"साहेब, पुरे आता," सासऱ्यांचा आवाज आला.

साहेब हे बोक्याचं नाव, सासऱ्यांनीच ठेवलेलं. वजनमापं तपासायच्या खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. दुकानदाराच्या काट्यातली खोट ते पारडं नुसतं हललं की ओळखत. मागच्या हिवाळ्यात न्हाणीघराच्या खिडकीतून मुठीएवढं एक पिल्लू आत आलं आणि सरळ त्यांच्या खुर्चीत जाऊन बसलं. "आले, वरचे साहेब तपासणीला आले," ते म्हणाले होते. पत्नी गेल्यापासून त्यांनी केलेला तो पहिला विनोद होता, म्हणून पिल्लू घरात राहिलं.

त्या पिल्लाचा आता बोका झाला होता. महिनाभर त्याने घर डोक्यावर घेतलं होतं. दिवसाउजेडी हेल काढून ओरडायचं आणि दिसेल त्या उभ्या वस्तूला पाठ करून, शेपूट थरथरवत धार सोडायची. घराची पुढची खोली म्हणजे तिचं केस कापायचं दुकान. एक खुर्ची, एक आरसा, एक बेसिन. नऊ वर्षांत जोडलेल्या बायका आता आत पाऊल टाकताच नाक मुरडत. मागच्याच आठवड्यात एका शिक्षिकेची चामड्याची पिशवी तिच्या डोळ्यांदेखत साहेबाने भिजवली होती. शिक्षिकेने पिशवी पुसली आणि पैसे देऊन निघून गेली. दुसऱ्या दिवशी फोन करून तिने पुढची वेळ तेवढी रद्द केली.

उपाय प्रत्येकीकडे होता. कुणी लिंबाची सालं ठेवायला सांगितली, कुणी कॉफीची पूड, कुणी मिरपूड. मिरपुडीने गिऱ्हाईकं शिंकून बेजार झाली. साहेब त्या पुडीवरच धार सोडून गेला. आणि हे सगळं कमी होतं म्हणून की काय, न्हाणीघराच्या वाटेवर एक दिवसाआड सकाळी तळं साचलेलं असायचं. त्यात घसरून एकदा तिचं कोपर सोलवटलं. सासऱ्यांच्या दिवाणावरची चादरही दोनदा ओली सापडली. फडकं पिळून पिळून तिच्या बोटांची सालं निघाली होती.

दुपारी नवरा जेवायला आला. तो बस चालवायचा. खुंटीवरची गणवेशाची पँट त्याने काढली, नाकाशी नेली आणि गोळा करून बादलीत टाकली.

"रविवारी शेवटच्या थांब्यावर सोडून येतो याला. तिथे गोदामं आहेत, उंदीर आहेत. मरायचा नाही."

"आणि बाबा?"

"बाबांना मी समजावतो. घर मोठं की बोका? तूच म्हणालीस ना, दुकान बंद करावं लागेल?"

ती तसं म्हणाली होती. सासऱ्यांचं दार अर्धवट उघडं होतं. बोक्याच्या पाठीवरून फिरणारा त्यांचा हात तिला दिसत होता. तो मध्येच थांबला.

रविवारच्या आधी ती बोक्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. सासरेही आले. झाकणाची टोपली त्यांनी मांडीवर धरली होती आणि वाटभर आतून साहेब रडत होता.

"नसबंदी करून टाकू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ओरडणं जाईल, फवारणंही जाईल. करतो कुठे, उभ्या भिंतीवर की जमिनीवर?"

"दोन्हीकडे. जमिनीवर तर चांगलं तळं असतं."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "बोका हद्द आखतो ती उभ्यावर, आणि थोडीशीच. जमिनीवर इतकं म्हणजे वेगळं काही असेल. खडा असू शकतो. लघवी तपासून घेऊ."

"तपासायची काही गरज नाही," सासरे म्हणाले.

तिने चमकून पाहिलं. ज्या माणसाने जन्मभर तपासण्याच केल्या, तो टोपलीची कडी उगाच उघडत-मिटत होता.

तपासणी झाली. काही निघालं नाही. "मग सवय असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ऑपरेशननंतर दीड महिना तरी द्या त्याला."

"दीड महिना," नवऱ्याने रात्री ऐकून घेतलं आणि बजावलं. "वर एक दिवस नाही."

ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात साहेबाचा आवाज उतरला. पाचव्या आठवड्यात ती दुकानभर नाक लावून फिरली आणि कुठेच काही सापडलं नाही. शिक्षिका परत आली, पिशवी मात्र मांडीवर घेऊन बसली. न्हाणीघराची वाट तेवढी अजूनही ओली व्हायची. एक दिवसाआड नाही, आता जवळजवळ रोज. दीड महिना भरत आला तशी ती कॅलेंडरवरचे उरलेले दिवस मोजू लागली. नवरा एकदा बोलला की बोलला. बोका गेला तर सासरे पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसतील, हे तिला दिसत होतं.

शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी तिने साहेबाला दुकानात कोंडलं. वाळूचं घमेलं ठेवलं, पाणी ठेवलं, कडी लावली. निदान उद्या सकाळी तरी वाट कोरडी दिसू दे नवऱ्याला, एवढंच तिच्या मनात होतं.

सकाळी सगळ्यांच्या आधी उठून तिने कडी काढून आत डोकावलं. साहेब गिऱ्हाइकाच्या खुर्चीत अंगाचं वेटोळं करून झोपला होता. घमेल्यातली वाळू उकरलेली, भिंती कोरड्या. तिने दार हळूच पुन्हा लावून घेतलं आणि चहाचं आधण ठेवायला वळली. न्हाणीघरापाशी तिचा पाय ओल्यात पडला.

ती तशीच उभी राहिली. मग खाली वाकली. इतके दिवस व्हिनेगरच्या वासात तिने हा वास कधी नीट घेतलाच नव्हता. तो तिखट वास नव्हता हा. तिने मागच्या दोरीकडे पाहिलं. सासऱ्यांचा पायजमा वाळत होता. पिळायला हातात जोर नसावा, टोकांतून पाणी ठिबकत होतं.

"परत?" नवरा तोंडात ब्रश धरून मागे उभा होता.

सासरे आपल्या दारात आले. बदललेला पायजमा, ओले हात. त्यांनी फरशीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं नाही.

"साहेबानंच केलं असेल," ते म्हणाले.

"झालं तर मग. उद्या रविवार," नवरा म्हणाला.

तिच्या हातात फडकं होतं. दुकानाची कडी तिनेच लावली होती, आणि ते तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

"काही बोक्यांना जास्त वेळ लागतो," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाई बोलल्या होत्या."

"किती जास्त?"

"लागेल तेवढा."

"तू त्या बोक्याची वकिली कधीपासून करायला लागलीस?" नवरा तोंड धुवायला गेला. जाताना तो ओलावा ओलांडून गेला आणि मागे वळून म्हणाला, "उद्या सकाळी टोपली काढून ठेव."

तो कामावर गेल्यावर तिने फरशी पुसली, दोनदा. मग दुकानाची कडी काढली. साहेब बाहेर आला, पुढचे पाय लांबवून आळस दिला आणि तिच्या पायांमधून सासऱ्यांच्या खोलीकडे चालू लागला. सासरे दारातच उभे होते. त्यांनी बोका कुठून आला ते पाहिलं. कडीकडे पाहिलं. ती टॉवेलांच्या घड्या घालू लागली.

बऱ्याच वेळाने ते दुकानाच्या उंबऱ्याशी आले. नऊ वर्षांत ते कधी या खोलीत बसले नव्हते. त्यांचे केस नाक्यावरचा न्हावी कापायचा.

"वेळ आहे का तुला? मानेवर वाढलेत."

"या ना, बाबा."

तिने त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं, पाण्याचा हलका फवारा मारला आणि कंगवा फिरवला. आरशात ते स्वतःकडे बघत नव्हते, तिच्या हातांकडे बघत होते. कात्री चालत राहिली. पांढरे केस कापडावरून घरंगळून फरशीवर पडत होते. साहेब येऊन त्यांच्या पायांशी बसला.

"उद्या नेणार तो याला," ते म्हणाले.

"हं."

"चोर सोडून संन्याशाला फाशी." जरा थांबून ते पुढे म्हणाले, "आणि संन्यासीही आपणच केलाय त्याला."

तिची कात्री क्षणभर हवेत राहिली. ओठांशी आलेलं हसू तिने आवरलं, कारण आरशात त्यांची हनुवटी थरथरत होती. तिने उजव्या बाजूचे केस कंगव्यावर घेतले.

"त्या डॉक्टरीणबाईंच्या ओळखीत," सासरे म्हणाले, आणि त्यांनी घसा साफ केला, "माणसांचा कुणी असेल का?"

"असेल. आजच विचारते. सोमवारी सकाळी मला कुणी गिऱ्हाईक नाही. आपण दोघंच जाऊ. तोवर टोपली काही मी काढत नाही."

त्यांनी कापडाखाली हात हलवले. कापड वर आलं, खाली गेलं.

"त्याला सांगणार आहेस तू?"

तिने त्यांचा कान दोन बोटांनी अलगद दुमडला.

"मान सरळ ठेवा, बाबा," ती म्हणाली. "कात्री लागेल."