पहिले पाणी जमिनीला

लाल कापडाचे लाळेरे, दगडाच्या गळ्यात.

गोड पुरणाचा वाफवलेला मांजू, न खाल्लेला.

चिखलात रुतलेली एक चप्पल.

मिठातले मुळे.

कडकन आवाज. तो माझाच.

मी एक जुने ओगराळे आहे. मित्रांनो, देवदाराच्या पातळ फळीला बाक देऊन माझे पोट केले आणि चेरीच्या सालीने ते शिवले. डोंगरापलीकडच्या ज्या म्हाताऱ्याने मला घडवले, त्याने मला उन्हात धरून पाहिले आणि म्हटले, "थेंब गळत नाही." आयुष्यात माझ्या वाट्याला आलेले कौतुक तेवढेच. ते मी अजून चघळते.

मंदिरामागच्या चढावर दगडी कुंड आहे, त्याच्या काठावर मी राहते. समोर लहान लहान जिझोंच्या रांगा. जिझो म्हणजे लेकरांना सांभाळणारा. जी बाळे जन्माला आलीच नाहीत, त्यांच्यासाठी हे दगड मांडले आहेत. काही बाळे आपोआप गेली, काहींना घरच्यांनी येऊ दिले नाही. दगड दोघांचेही सारखेच. आया येतात, मला उचलतात, दगडाच्या डोक्यावर पाणी घालतात. मग त्याला लाळेरे बांधतात, लोकरीची टोपी घालतात, भिरभिरे खोचतात.

मला पालथे करतात आणि निघून जातात.

मला हेवा वाटतो. लपवून काय करू? दगडाला पडसे होत नाही, तरी टोपी त्याला. थंडीत माझ्या पोटात बर्फ धरतो, पण मला कधी कुणी चिंधीसुद्धा गुंडाळली नाही.

सर्वांत जास्त लाळेरी फुमिए-सानच्या दगडाला. फुमिए-सान तोफूवाली. दुकान नवे होते, ती तरुण होती, सासू म्हणाली, "आत्ता नको." नवऱ्याने मान खाली घातली आणि फुमिए-सान दवाखान्यात जाऊन आली. हे ती दगडाला सांगत असते, म्हणून मला ठाऊक. तिच्या बाळाला नाव नाही. आता तिचे केस पांढरे झाले, पण दर नव्या वर्षाला नवे लाळेरे ठरलेले.

गेल्या शरदात तिच्या दगडाशेजारी आणखी एक दगड आला. त्याला लाळेरे नव्हते. त्याला नाव होते. शोगो.

नाव! काल आलेल्या दगडाला! मी रात्रभर धुमसत राहिले.

शोगोने लोणचेवाल्या किकुनो-सानला तिच्याच दुकानात मारले होते. इथले गेनशो गुरुजी शहरातल्या तुरुंगात फाशीच्या कैद्यांना भेटायला जात. शोगोच्या शेवटच्या सकाळीही ते तिथे होते. त्याच्यापुढे मांजू ठेवला होता, तो त्याने खाल्ला नाही. गुरुजींनी तो झग्याच्या बाहीत घालून आणला आणि दगडापुढे ठेवला. कावळ्याने नेला. घराण्याच्या थडग्यात शोगोच्या अस्थी घ्यायला चुलते तयार नव्हते, म्हणून त्याची आई हात्सुए-सान इथे आली होती. रांगेत जागा एकच उरली होती.

"गुरुजी, डोकं ठिकाणावर आहे ना?" फुमिए-सान कडाडली. "माझ्या लेकराच्या शेजारी खुनी?"

"जागाच तेवढी होती हो."

"मग तुमच्या उशाशी ठेवा! रविवारी मंदिराची मंडळी जमली की मी विषय काढते. हा दगड इथून हललाच पाहिजे."

"तुम्ही म्हणाल तसं. तुमचा शब्द कोण मोडतंय?" गुरुजी म्हणाले. खरेच होते. मंदिराच्या प्रत्येक सणाला तोफू तिच्याकडचा, आणि ओरडाही तिचाच.

शनिवारी सकाळी हात्सुए-सान आली. तिने मला भरले. पहिले पाणी तिने रिकाम्या जमिनीवर ओतले, दुसरे शोगोच्या दगडावर. ती रोज असेच करी. तेवढ्यात चढावरून फुमिए-सान आली आणि तिने माझा दांडा धरला.

"सोडा ते! माझ्या बाळाला यानं पाणी घालते मी."

एकीने ओढले, दुसरीने सोडले नाही. हात्सुए-सानची चप्पल चिखलात रुतली. कडकन माझ्या मानेला तडा गेला.



"तुमच्या मुलाला नाव आहे," फुमिए-सान धापा टाकत म्हणाली. "शाळेत गेला. आई म्हणून हाका मारल्या. जाताना गुरुजी जवळ होते. माझ्याला काय मिळालं? कुणी विचारलंसुद्धा नाही."

हात्सुए-सान चप्पल उपसत होती. "मला तर तुमचा हेवा वाटतो."

"माझा?"

"तुमचं बाळ कुणाला दुखवून गेलं नाही. तुम्ही चारचौघांत रडता, लोक डोक्यावर छत्री धरतात. मी बाजारात गेले की बायका रांग बदलतात." ती सरळ उभी राहिली. "शोगो पोटात होता तेव्हा नवरा निघून गेला. बहीण म्हणाली, दवाखान्यात चल. मी नाही गेले. आता तीच म्हणते, तेव्हा ऐकलं असतंस तर किकुनो-सान आज असत्या. सांगा ना, तुम्ही गेलात, मी नाही गेले. आपल्यातलं कोण चुकलं?"

 

फुमिए-सानने ओल्या जमिनीकडे बोट केले. "ते पाणी कुणाला?"

"किकुनो-सानना. त्यांच्या थडग्यापाशी कोणत्या तोंडानं जाऊ? म्हणून इथं. आधी त्यांना, मग याला."

"माझ्या तोफूला पाणचट म्हणायची मेली," फुमिए-सान म्हणाली. "आणि रोज न्यायची."  तिने मला कुंडात बुडवले आणि चिरलेल्या मानेने मी जेवढे धरू शकले तेवढे पाणी त्याच जमिनीवर ओतले.

रविवारी मंडळी अंगणात बसली होती. मला सगळे ऐकू आले.

"दगड राहू द्या," फुमिए-सान म्हणाली. "मला तो आवडत नाही. पण राहू द्या."

"म्हणजे माफ केलंत?" कुणीतरी विचारले.

"माफ करणारी मी कोण? किकुनोला विचारा. आणि त्याला टांगून ती परत आली असेल, तर तेही सांगा मला."

मग ती उठून कुंडापाशी आली.

नव्या वर्षासाठी शिवलेल्या लाळेऱ्याची एक पट्टी तिने फाडली आणि माझ्या मानेला घट्ट गुंडाळली. मित्रांनो, मला लाळेरे मिळाले! शोगोच्या दगडाला अजून मिळालेले नाही. हेवा करावा असे काही आज पहिल्यांदाच माझ्यापाशी आहे, आणि मला वाटले होते तितकी मजा त्यात नाही.

कुणाचा जीव केवढा, हे मला विचारू नका. माझ्या पोटाचे माप एकच, ते मी कुणासाठी बदलू शकत नाही. हेवा आला तर येऊ द्या, पण पाणी घालताना हात आखडू नका. आणि काम झाले की मला पालथे ठेवा, नाहीतर मी कुजेन.

किकुनो-सान मारली गेली त्या सकाळी तिने लोणच्यासाठी नवे मुळे मिठात मुरत घातले होते.