एक मेलेली अळी

घाटेअळीचे पतंग रात्री वाऱ्याबरोबर कुठून कुठून उडत येतात. येताना ते कुठले रोग सोबत आणतात, हे शोधणं माझं काम. तीन हिवाळे पेठपासून जुन्नरपर्यंत हरभऱ्याची शेतं तुडवली. हवी होती रोगानं मेलेली अळी; मिळायची ती औषधानं मेलेली, नाहीतर माझ्याहून धडधाकट. मार्चअखेर प्रकल्प बंद होणार होता. खरं सांगायचं तर त्याचं दुःख करायचाही कंटाळा आला होता.

अशात लेण्याद्रीच्या पायथ्याशी शेती करणाऱ्या बाळासाहेबांचा फोन आला. "म्याडम, अळ्या शेंड्याला उलट्या लोंबकळून मरत्यात. अन् रंग निळा, राव!"

निळी पडलेली घाटेअळी मी कधी पाहिली नव्हती. नवा विषाणू असू शकत होता. "उद्या येते," म्हणाले. "हात लावू नका" म्हणेपर्यंत लाइन तुटली.

दुसऱ्या दिवशी बांधावर पोचले, तर शेत कसं लख्ख! वर औषधाचा उग्र वास.

"पावणं येणार, अन् शेतात मढी लोंबकळत्यात, बरं दिसतं व्हय?" बाळासाहेब शाबासकीची वाट बघत होते. "समद्या येचून जाळल्या. मग पंप मारला."

मी रिकाम्या नळ्या पुन्हा पिशवीत भरल्या. रागवायलाही अंगात त्राण नव्हतं. त्यांच्या आई, कोंडाबाई, चहा घेऊन आल्या. "नको," म्हणून मी सरळ गाडीत जाऊन बसले. त्यांचा चेहरा पडला. तरीही घरातून ओल्या हरभऱ्याची जुडी आणून त्यांनी खिडकीतून माझ्या हातात दिली.

"पोरांना न्या, बाई. औषध मारायच्या आदीच तुमच्यासाठी उपटून ठिवला व्हता."

मी जुडी मागच्या सीटवर टाकली.

वारूळवाडी आली तेव्हा ड्रायव्हर अमृत म्हणाला, "मॅडम, चार घाटे द्या की. लई भूक लागलीया." मी जुडी मांडीवर घेऊन सोडली. आतल्या एका शेंड्याला, डोकं खाली करून, निळी अळी लटकली होती.

ती अलगद काचेच्या नळीत उतरवली. विषाणू नवा की जुनाच, ते प्रयोगशाळेत कळेल. मला मात्र तिथंच रडू फुटलं.

"गाडी मागं वळव," मी अमृतला म्हणाले.

"आता तिथं काय राहिलंय?"

"चहा."