मोहनरावांच्या घरातला पहिला घोट

तलवाड्याजवळ मोहनरावांच्या मळ्यात पांढऱ्या द्राक्षांची वाइन होते, पण घरात ती कुणीच पीत नाही. सगळ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. विकायला हरकत नाही, जिभेला लावायची नाही, असा नियम मोहनरावांनीच घातलेला. चाखायला नाशिकहून एक जाणकार यायचा. यंदा तो दुसरीकडे कामाला लागला.

"मीटर हाय की," त्यांचा मुलगा विजयसिंह म्हणाला. मीटरवर साखर कळते, चव कळत नाही.

वाइनच्या टाकीत वर हवा राहू द्यायची नसते. राहिली, तर आतली वाइन आंबून तिचा हळूहळू शिरका होतो. पहिली टाकी अर्धी उपसून महिनाभर तशीच ठेवली होती. दुसरी काठोकाठ भरलेली. आज दोन्हींतली वाइन एका मोठ्या टाकीत एकत्र करायची होती.

विजयसिंहाने पाइप जोडला. त्याची बायको वनमाला पहिल्या टाकीपाशी थांबली.

"मामा, वास येगळा येतोय. मिसळू नका."

"बाहेर सालींचा ढीग सडलाय, त्याचा आसंल," मोहनराव म्हणाले.

"कुणीतरी चाखून बघा."

सासू छबुबाई हसल्या. "कुणी? म्या? आन् झिंगत कीर्तनाला जाऊ?"

विजयसिंहाचा हात पंपाच्या बटणाकडे गेला. एकदा मिसळल्यावर चांगली वाइनही हातची जाणार होती. वनमालाने तोटी सोडली, पेला धरला आणि घोट घेतला. घसा जळला, डोळ्यांत पाणी आलं. मग तिने दुसऱ्या टाकीतला घोट घेतला.

"पहिली गेली," ती म्हणाली. "दुसरी चांगली हाय. तिला हात लावू नका."

विजयसिंहाने पाइप काढला. छबुबाईंनी हात पुढे केला.

"माळ काढ."

वनमालाने माळ काढून त्यांच्या हातावर ठेवली.

दुपारी सगळे जेवायला बसले. वनमाला भाकरी वाढायला आली, तशी छबुबाईंनी ताटावर हात आडवा धरला.

"हिच्या हातचं मला न्हाई चालायचं."

मोहनरावांनी घास गिळला. "उद्यापासून समद्या टाक्या वनमालाच चाखंल," ते म्हणाले. "नाशिकचा माणूस नको आता."

वनमालाने मान वर केली.

"सैपाकघरात मातर तिनं पाय ठेवायचा न्हाई," मोहनराव पुढे म्हणाले.

विजयसिंह खाली बघून जेवत राहिला. वनमालाने भाकरी टोपल्यात ठेवली आणि बाहेर जाऊन बसली.