मरळीची शेपूट

‘खुनी मरळ’ या सिनेमाचा पहिला गुण म्हणजे तो एक तास बावीस मिनिटांत संपतो. दोष मोजायला तेवढा वेळ पुरत नाही.

अडतीस वर्षांपूर्वी तो आसगावच्या तलावावर काढला. यंदा कोण्या हौशी माणसानं तो इंटरनेटवर टाकला. मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी मनिष यानं रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये तो दाखवायचं ठरवलं आणि आधी गुणदोषांवर दोन शब्द मी बोलावे, असंही ठरवलं. रिटायर मास्तर कशावरही बोलतो, अशी गावाची समजूत आहे. ती चुकीची नाही.

शनिवारी लिलाधर आला. सिनेमातल्या माशाचं डोकं म्हणजे हाच. पुढच्या भागात तो उभा राहायचा आणि जबड्यातून बाहेर बघायचा. शेपटीत दुसरा माणूस असायचा.

“गुरुजी, शेवटची पाच मिनिटं कापाले सांगा मनिषले.”

“काहून?”

“सखाबाई येऊन राहिली.”

मला एवढंच माहीत होतं, कारण गावालाही एवढंच माहीत होतं. शेवटच्या दृश्यात मासा पाण्यात मरतो. शेपटीत त्या दिवशी माणूस नव्हता, ती तारेनं हलवायची होती. ऐन वेळी तार तुटली आणि सखाबाईचा नवरा तुलाराम काठावर कोणालाच न सांगता आत शिरला. माशाच्या पोटातला फोम पाणी प्यायला. लिलाधर जबड्यातून निसटला, तुलाराम आतच बुडाला. ‘मी भ्यालो, पळालो,’ असं लिलाधरनं स्वतःच पंचांसमोर सांगितलं. तेव्हापासून सखाबाई त्याच्याशी बोलली नाही. सिनेमाही तिनं कधी पाहिला नाही.

“भीती वाटते का?” मी विचारलं.

“हाव,” तो म्हणाला. चहा न पिता गेला.

संध्याकाळी खुद्द सखाबाई आली. “गुरुजी, काही कापू नोका. त्याचं पळणं मले समद्यायसमोर पाहाचं आहे.”

मी कापायला सांगितलं नाही. नवऱ्याच्या मरणावर तिचा हक्क लिलाधरपेक्षा जास्त, असा साधा हिशेब मी केला.

रविवारी हॉल भरला. माझं भाषण आटोपशीर झालं. मासा वाघासारखा डरकाळ्या फोडतो, हा दोष. एसटी एका दृश्यात खरी आहे, तर पुढच्यात तेलाच्या डब्याची. मरळीला मिशा आहेत, कारण खलनायकाला मिशा पाहिजेत असं दिग्दर्शकाचं म्हणणं होतं. यावर मागून आवाज आला, “मरळीले मिशा? मंग गुरुजी, तिले दाढी कायले नाही?” हॉल हसला. गुण सांगताना मी म्हटलं, काठावरची माणसं अजिबात अभिनय करत नाहीत. खऱ्या मोठ्या माशाला जसं धरता तसंच वागा, असं त्यांना सांगितलं होतं.

सिनेमाभर लोक हसले. मीही हसलो. शेवटचं दृश्य आलं. माशाचं डोकं पाण्यात पडलं आणि शेपूट फटाफट आपटत राहिली.

“डोकं मेलं, शेपूट जित्ती!” मनिष ओरडला. पुन्हा हशा पिकला.

जबड्यातून चिखलानं माखलेला लिलाधर बाहेर आला. खोकत होता, तोंडातून शब्द फुटत नव्हता. पण तो पळाला नाही. शेपटीकडे वळला. तेवढ्यात काठावरून एक तरुण बाई पाण्यात उतरली. तिनं त्याचा दंड धरला, दुसरा हात आडवा करून मागच्यांनाही अडवलं. लिलाधर हिसके देत होता. दोघा गड्यांनी येऊन त्याला धरलं. बाई ओरडत होती. आवाज मागाहून भरलेला, त्यामुळे तिच्या तोंडून वाघाची डरकाळी आली. पण हॉलमध्ये सगळे मासे धरणारेच बसले होते. ती काय म्हणते हे कोणाला सांगावं लागलं नाही. मोठा मासा थकेपर्यंत त्याच्याजवळ जायचं नाही. शेपूट हलते तोवर हात लावायचा नाही.

शेपूट बराच वेळ हलली.

“मनिष,” सखाबाई म्हणाली, “मांगं घे.”

त्यानं घेतलं. तिनं पुन्हा मागे घ्यायला लावलं.

मग ती वळली. “लिलाधर. हे मी आहो.”

“हाव, वहिनी.”

“समद्यायलेच वाटे, तो दुसरा कोणी गडी होता. चिखलानं भरलेला.” ती थांबली. “तू ‘पळालो’ म्हणून काहून सांगतलं?”

लिलाधर जमिनीकडे पाहत म्हणाला, “तुमची पोरगी तवा कडेवरची होती. तिले वाढवाचं होतं तुमाले.”

“आन् आता?”

आपणच त्याला अडवलं हे तिला कधी कळू नये, म्हणूनच तो शनिवारी माझ्याकडे आला होता, आणि मी त्याला भित्रा समजून चहा विचारला होता.

मनिषनं टीव्ही बंद केला. लोक एकेक करून उठले, चपला शोधू लागले. सखाबाई उठली नाही. दोन खुर्च्या सोडून लिलाधर बसला होता, तोही उठला नाही. हॉलला कुलूप लावायचं होतं, पण त्यांना उठा म्हणायची हिंमत ना मनिषला झाली ना मला.