पाण्याची नळी

पीसीआरच्या खोलीत एकाच माणसाने जायचं, असा प्रयोगशाळेचा नियम होता. बाहेरून आजारी रक्ताचा एक कण आत आला, तरी यंत्र त्यातल्या रोगजंतूच्या जनुकांच्या कोट्यवधी नकला काढतं आणि धडधाकट जनावर आजारी ठरतं. त्यामुळे तंत्रज्ञ बाई गेली अकरा वर्षं त्या खोलीत एकट्याच होत्या. घरीही एकट्याच, तिथे मात्र नियम नव्हता.

एका उंटवाल्याच्या उंटिणीला ताप येऊन गेला होता. सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी दिसला नाही, पण तो रक्तात दडी मारून बसतो आणि गोमाश्या एकीचं दुसरीला पोचवतात. म्हणून पीसीआर होईपर्यंत तिला कळपापासून लांब बांधलं होतं. यंत्र दुरुस्तीला गेलं आणि त्यात तीन आठवडे गेले. उंटवाला रोज काचेच्या खिडकीशी येऊन सांगे, ती चाऱ्याला तोंड लावत नाही, नुसती कळपाकडे बघत उभी असते. असंच चाललं तर तपासणीचा कागद यायच्या आत ती जाईल.

यंत्र आलं त्या दुपारी त्याने विचारलं, रक्ताचं आत करता तरी काय? अकरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. बाईंनी दार उघडलं, स्टूल पुढे सरकवलं आणि नळ्या भरता भरता तासभर बोलत राहिल्या.

उंटिणीची नळी उजळली, म्हणजे रक्तात परजीवी. शेजारची, पडताळ्यासाठी ठेवलेली नुसत्या पाण्याची, तीही उजळली. पाण्याला ताप येत नाही. उंटवाला सकाळीच दुसऱ्या एका आजारी उंटाला इंजेक्शनसाठी धरून आला होता, आणि त्याच सदऱ्याच्या, रक्ताचा थेंब लागलेल्या बाह्या बाईंच्या टेबलावर टेकल्या होत्या.

पाण्याची नळी दुसऱ्या कुणी पाहिली नव्हती. बाईंनी उंटवाल्याला फोन लावला.

"चूक माझी आहे. तुम्हाला आत घ्यायला नको होतं. उंटिणीचं रक्त पुन्हा द्यावं लागेल. चार दिवस."

उंटवाला म्हणाला, "तिला काय सांगू?"

चार दिवस बाई दार लावून, तोंड मिटून काम करत राहिल्या. पाणी कोरं निघालं. उंटीणही.

कळपाकडे जाताना त्याने तिला मुद्दाम खिडकीशी आणलं. बाईंनी फटीतून कागद दिला. उंटीण काचेतून आत बघत राहिली.

"हिला सोडलंत," तो म्हणाला. "तुम्हाला कधी सोडणार, बाई?"

"माझा नमुना तपासायला दिलेला नाही अजून," बाई म्हणाल्या, आणि स्टूल पुसायला घेतलं.