तासाभराचा गारवा

आमची गाडी गॅरेजात गेली की गुणी बाळासारखी वागते. बॉनेट उघडा, मीटर लावा, एसी सुरू करा. पाच मिनिटांत आत हुडहुडी. मेकॅनिक माझ्याकडं अशा नजरेनं बघतो, की मी घरून भांडायचं ठरवूनच आलेय. "ताई, काय बी फॉल्ट न्हाय. हात लावून बघा की." मी हात लावते. गारच असतं. आणि हीच गाडी हायवेला लागून तास-सव्वा तास झाला, की हवा बारीक होत होत नुसती फुंकर उरते. मग चहाला थांबायचं, जरा वेळ गाडी बंद ठेवायची, की पुन्हा एसी ठणठणीत.

एप्रिलपासून तीन गॅरेजं झाली. पहिल्यानं गॅस भरला. दुसऱ्यानं पुढची जाळी पाण्यानं धुतली आणि पट्टा बदलला. तिसरा म्हणाला, "ऊनच लय पडलंय ताई, एसी तरी काय करंल?" त्याच्याशी माझं जोरात वाजलं. आतून उघडून बघा म्हटलं तर हसला. "हे खालचं मॉडेल हाय. ह्यात हवेचा फिल्टर येतच न्हाय, जागा नुसती मोकळी असती. तितं काय बघायचं?" मग पुन्हा थोडा गॅस भरला आणि छातीवर हात ठेवून सांगितलं, आता बिनधास्त पुण्याला जावा.

दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर काचा खाली करून, घामाघूम होऊन घरी पोचले असते आणि चार दिवस कुरकुरले असते. पण माझ्या अवनीला घाम येत नाही. नऊ वर्षांची आहे. जन्मापासून तिच्या अंगात घामाच्या ग्रंथी जवळपास नाहीतच. तुमचं-माझं अंग घामानं निवतं. तिचं तव्यासारखं तापतच जातं. "बरंय की, पावडरचा खर्च वाचला," असं एकदा शेजारच्या बाई म्हणाल्या होत्या. त्यांच्याशी मी आजतागायत बोललेले नाही. ही गाडी आम्ही अवनीसाठी घेतली. खरं सांगायचं तर आम्ही एसी घेतला, चाकं त्याच्याबरोबर आली.

त्या दिवशी गाडीत तिघं होतो. मी चालवत होते, शेजारी एसीच्या जाळीसमोर अवनी, आणि मागं माझे सासरे, आबा. वरदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कारखान्यातून सुट्टी मिळाली नव्हती. आबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, पण हातात पक्कड आणि पेचकस घेतल्याशिवाय त्यांना जेवण पचत नाही. नातीवर तर इतका जीव, की आमच्या कोल्हापुरातल्या कळंब्याच्या घरात उन्हाळ्याची तयारी फेब्रुवारीतच सुरू होते. खिडक्यांना वाळ्याचे पडदे, माठात वाळ्याची जुडी, अवनीच्या उशाला वाळ्याची पुरचुंडी. "गाडीतबी घातलाय गं वाळा," असं मार्चमध्ये म्हणाले होते. आरशाला एक लहानशी जुडी लटकत होती. तिच्याकडं बघून मी "छान" म्हटलं आणि कामाला लागले.

पुण्याच्या डॉक्टरांकडं वर्षातून दोनदा जावं लागतं. पहाटे निघायचं आणि ऊन चढायच्या आत कोल्हापूर गाठायचं, हा आमचा नेम. या खेपेला रिपोर्ट हातात पडायलाच उन्हं वर आली. लॉजची खोली सोडायची होती, एसी दुरुस्त होऊन आला होता. निघालो. वाटेत दोनदा चहाला थांबलो, दुसऱ्यांदा साताऱ्यात. तोवर सगळं ठीक होतं.

कराड मागं पडलं आणि अवनी म्हणाली, "आई, हवा कमी झाली."

ती तक्रार करत नाही. लहानपणापासून तिला शिकवलंय, गरम झालं की लगेच सांगायचं, आणि ती न कुरकुरता सांगते. मी एसी होता नव्हता तेवढा गार केला, पंखा चारवर नेला. पंखा घोंघावायला लागला, हवा मात्र तेवढीच. पुढं सावलीतलं एखादं हॉटेल बघून थांबायचं असं मी ठरवलं, आणि तेवढ्यात समोरच्या सगळ्या गाड्यांचे मागचे दिवे लाल झाले.

पुढं कुठंतरी कंटेनर आडवा झाला होता. रस्ता रुंद करण्याच्या कामात दोन्ही बाजूची झाडं कधीच गेलेली. डावीकडं खोदलेला चर, उजवीकडं सिमेंटचे कठडे. मागून ट्रक येऊन भिडला. सावली म्हणून त्या रस्त्यावर फक्त ट्रकांखाली होती.

आधी आम्ही शहाण्यासारखे वागलो. थर्मासमधला बर्फ तिच्या मानेवर, काखेत लावला. फवाऱ्यानं फ्रॉक भिजवला. आबांनी रिपोर्टची फाईल घेऊन वारा घातला. बर्फ संपला. फवाऱ्यातलं पाणी कोमट झालं. १०८ ला फोन लावला. गाडी निघतेय म्हणाले. निघेल हो, पण येणार कुठून, आकाशातून? पुढं बघितलं तर पत्र्याची रांग, मागं बघितलं तरी तेच.

शेजारच्या टेम्पोवाल्यानं खाली वाकून बघितलं. "पावणं, लेकरू लालबुंद झालंय की वं! पानी द्या, पानी."

"आहे का तुमच्याकडं? गार?"

त्यानं अख्खा कॅन आणून दिला. पाणी चहाला ठेवल्यासारखं होतं. त्याचा काय दोष? तरी मी त्याच्याकडं असं बघितलं की तो दोन पावलं मागं सरला. ते पाणी मी अवनीच्या डोक्यावर ओतलं. तिनं डोळे मिटले. गाल तांबडे, कपाळ कोरडं, आणि हात लावला तर माझाच हात मागं आला.

"अवू, बोल काहीतरी. पाढे म्हण. शिव्या दे मला, चालेल."

ती बोलली नाही. तिनं फक्त तोंड पुढं करून एसीच्या जाळीला लावलं. तिथून अजून थोडी, कुणी झोपेत श्वास सोडावा तेवढी हवा येत होती. डॉक्टरांनी पहिल्याच वर्षी सांगितलेलं माझ्या कानात घुमायला लागलं: ताप चढला आणि मूल गप्प झालं, तर वाट बघायची नाही. वाट बघायची नाही तर करायचं काय, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. माझी लेक माझ्या हातातून जात होती आणि मी हॉर्न वाजवत होते. दुसरं काहीही मला सुचत नव्हतं. मी रडत होते, हॉर्न वाजवत होते आणि तिन्ही गॅरेजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

तिचे पाय ओले करावेत म्हणून मी वाकले. पायाखालची चटई आधीच भिजलेली होती. मी पाणी ओतलं होतं डोक्यावर, हे पाणी डॅशबोर्डच्या खालून येत होतं. बोट लावलं तर चटका बसावा इतकं गार. मग तेच बोट मी अवनीच्या तोंडाशेजारी जाळीत घातलं. हवा कमी होती, पण गरम नव्हती. बर्फासारखी होती.

घरी आमचा जुना एका दाराचा फ्रिज आहे. लक्ष दिलं नाही की वरच्या कप्प्यात बर्फाचा डोंगर चढतो, आणि तेव्हाच खालचं दूध नासतं. मागच्याच आठवड्यात मी तो बंद करून, दार उघडं टाकून, खाली परात ठेवली होती.

"आबा, मी एसी बंद करते."

"खुळी का काय तू?" आबा मागून ओरडलेच. "तेवढी एक फुंकर हाय तिला. तीबी काढून घेतीस?"

"आत बर्फ साठलाय. आपल्या फ्रिजमध्ये साठतो तसा. हवेला जायला वाट नाही. चालू ठेवला तर अजून साठणार, आणि मग हीसुद्धा बंद होणार."

"आन् तुझं चुकलं म्हंजे?"

 मी मेकॅनिक नाही, डॉक्टर नाही. साखर कारखान्याच्या ऑफिसात टायपिंग करते. चुकलं तर अवनीचा शेवटचा गारवा मीच माझ्या हातानं तोडला असता. आबांनी माझा दंड धरला. मी तो झटकला आणि बटण दाबलं. निळा दिवा विझला. पंखा तेवढा चालू ठेवला.

अवनीनं डोळे किलकिले केले. "का बंद केलंस?" असं ती म्हणाली, इतक्या हळू की ओठांवरूनच कळलं.

"येईल हं बाळा, येईल," मी म्हटलं. फुंकर होती तेवढीच राहिली. वाट मोकळी व्हायला किती वेळ लागेल, देव जाणे.

"वाट अडलीया म्हणालीस," आबा मागून म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "कुठं अडलीया?"

"मला काय माहीत? इथंच कुठंतरी. डॅशबोर्डच्या या खणाच्या मागं."

आबा दार उघडून उतरले, वळसा घालून अवनीच्या बाजूला आले, आणि तापलेल्या डांबरावर गुडघे टेकून बसले. खणातले कागद, चष्म्याचं घर, टॉर्च सगळं बाहेर फेकलं. खणाच्या दोन्ही बाजू दाबून तो खाली पाडला. ही गाडी अशी उघडते हे मला माहीत नव्हतं. त्यांना होतं.

"तितं वाळा हाय, मैथिली."

"काय?"

"मार्चात घातला. जागा मोकळी होती नव्हं फिल्टरची, त्या मापाची चटई विणली मी वाळ्याची. म्हटलं, हवा त्यातनं गाळून यील. पोरीला गारवा लागंल, वास बी यील." माझ्याकडं न बघता ते आतलं झाकण ओढत होते. "तुला सांगितलं की मी, गाडीत वाळा घातलाय म्हणून."

झाकण निघालं. आत एक काळपट, लिबलिबीत थर दिसला. दोन महिन्यांची धूळ बसून त्याचा चिखल झाला होता, आणि मागच्या बाजूला तो पांढराशुभ्र होऊन चिकटला होता. आबांनी बोटं घातली. निघेना. पेचकस शोधायला वेळ नव्हता. त्यांनी नखांनी ओरबाडलं. बोटांतून रक्त आलं, तरी ओढतच राहिले, आणि शेवटी करकर आवाज करत तो सगळा लगदा त्यांच्या हातात आला: मुळ्या, माती आणि वीटभर बर्फ.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन गॅरेजं, एवढ्या शिव्या, एवढे हेलपाटे, आणि माझी लेक अशी मान टाकून पडलेली. आणि हे सगळं कुणामुळं, तर या माणसाच्या हौसेमुळं. तोंड उघडलं होतं मी. काय बोलणार होते ते इथं सांगण्यासारखं नाही.

पण माझी नजर त्या बर्फावर गेली. अख्ख्या रस्त्यावर, त्या सगळ्या ट्रक-टेम्पोंच्या रांगेत, गार अशी तेवढीच एक वस्तू होती. मी ती आबांच्या हातातून हिसकावली आणि अवनीच्या मानेवर दाबून धरली. ती दचकली. सगळं अंग शहारलं तिचं. ते शहारणं बघून मला एवढं बरं वाटलं की मी मोठ्यानं ओरडले. टेम्पोवाला धावत आला.

आणि मग जाळीतून हवा आली. एसी बंद होता, पण आत उरलेल्या बर्फावरून पंख्याचा वारा येत होता. ओला, गार, मातीचा वास असलेला. अवनीचे केस त्यानं हलायला लागले. मी तिला ओली करत राहिले. बऱ्याच वेळानं हवेतला ओलावा कमी झाल्यावर भीत भीत बटण दाबलं. निळा दिवा लागला, आणि एसी असा सुटला की माझेच हात गारठले.

"आई," अवनी म्हणाली, "फ्रॉक चिखलाचा झाला."

तेवढं ऐकलं आणि मी स्टिअरिंगवर डोकं टेकून हमसून हमसून रडले.

पुढच्या गाड्या हलायला लागल्या तेव्हा आबा अजून रस्त्यावरच बसलेले. गुडघे भाजले असणार. रक्ताळलेली बोटं मांडीवर ठेवून ते त्या उघड्या खणाकडं बघत होते.

"बसा आबा. रस्ता मोकळा झाला."

"तुमी जावा म्होरं," ते म्हणाले. "मी येतो यष्टीनं. मला न्हाय बसायचं त्या पोरीजवळ."

मागचा ट्रक हॉर्न मारत होता. माझा राग गेला नव्हता, खोटं कशाला बोलू? पण वाळ्याचा तो गोळा अवनीच्या मानेवरून घसरत होता, आणि मला गाडी चालवायची होती. माझे हात दोनच.

"गप बसा आणि चला आत," मी ओरडले. "हिला घ्या मागं, मांडीवर. हे वितळतंय. गार बाजू फिरवून तिच्या मानेवर धरा."

ते बसले. आरशातून मला दिसत होतं, दोन्ही हातांनी त्यांनी तो गोळा धरला होता. पुढच्या पहिल्या दवाखान्यात थांबलो. डॉक्टरांनी ताप बघितला, सलाईन लावलं, संध्याकाळी जा म्हणाले.

कळंब्याला पोचलो तेव्हा एसी इतका गार होता की अवनी आबांची शाल पांघरून झोपली होती. त्या वाळ्यात बर्फाचा कण उरला नव्हता, नुसत्या ओल्या मुळ्या. तरी आबा त्या तशाच तिच्या मानेला लावून बसले होते.