तांबड्या घोडीची चौकशी

“पण घोडी आणली कुठून त्यानं?” मी विचारलं.

होइट काकांनी थडग्यावर लावायच्या दगडाचं चित्र मॅमॉच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरलं होतं आणि त्याचे कोपरे मिठाच्या बाटलीनं आणि मुरंब्याच्या बरणीनं दाबून ठेवले होते. टोकदार माथ्याचा दगड, वर अ‍ॅब्सलम टिडमोर हे नाव, त्याखाली घोडदळाच्या पलटणीचं नाव आणि मध्ये पुढचा पाय उचललेली घोडी.

“कुठून म्हणजे? घरची असेल,” काका म्हणाले. “तू कॉलेजात शिकलीस म्हणून आता घोड्याचाही जन्मदाखला मागणार का?”

“घरी घोडा नव्हताच, काका. यादवी युद्धाच्या आदल्या वर्षीची शिरगणती पाहिली मी. एक गाय आणि डुकरं. जमीनसुद्धा दुसऱ्याची.”

“मग कमावली असेल. टिडमोर माणसं कष्टाळू. एक तुझा नवरा सोडून.”

वेंडेलनं तोंडातला घास गिळला. “काका, मी तुमच्यावरच गेलोय.”

मॅमॉ सिंककडे पाठ करून स्ट्रॉबेरीचे देठ काढत बसली होती. मॅमॉ म्हणजे वेंडेलची आजी, होइट काकांची आई. सतराव्या वर्षी लग्न होऊन या घरात आली आणि तेव्हापासून या घरच्या मेलेल्यांची थडगी तीच साफ करते. तिचे यजमान, आर्लिस, जाताना म्हणाले होते की आपल्या पणजोबाच्या, अ‍ॅब्सलमच्या, डोक्याशी नुसता ओढ्यातला धोंडा आहे, एखादा नीट दगड लाव. ते तिच्याकडून राहून गेलं होतं. आता मे महिन्यातल्या डेकोरेशनला दगड उभा राहायलाच हवा होता. त्या रविवारी आमच्याकडे सगळं गोत चर्चमागच्या दफनभूमीत जमतं, थडग्यांवर फुलं ठेवतं आणि तिथंच झाडांखाली टेबलं मांडून जेवतं. दगडापुढे अ‍ॅब्सलमची हकीकत मी वाचायची, असं ठरलं होतं. कागदपत्रांचं काम नेहमी माझ्याकडेच येतं.

“शोध ना घोडी कुठून आली ते,” मॅमॉ म्हणाली. “आर्लिसला ऐकायला आवडलं असतं. टेस, बाळा, देठ खायचे नसतात.”

मी उठून टेसच्या तोंडात बोट घातलं. देठ नव्हता. माझी मुलगी टेस चार वर्षांची आहे, आणि तिच्या तोंडात, नाकात, कानात काय आहे हे पाहण्यात माझा निम्मा दिवस जातो. उरलेला निम्मा मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत असते, आणि तेव्हा ती मॅमॉकडे असते. मॅमॉ नसती तर मी नोकरी सोडली असती. हे मी तिला कधी सांगितलं नाही, पण तिच्याशी बोलताना मी शब्द जपून वापरते.

घोडीचं मला नवल वाटलं त्याला कारण होतं. त्या युद्धात दक्षिणेकडच्या राज्यांच्या घोडदळात सरकार घोडा देत नसे. शिपायानं तो स्वतः आणायचा. लढाईत मेला तर नवा आणायचा, नाही जमलं तर निमूट पायदळात जायचं. म्हणून भरतीच्या वेळी माणसाबरोबर घोड्याचीही किंमत लिहून घेत. अ‍ॅब्सलमच्या घोडीची किंमत त्याच्या घरातल्या सगळ्या चीजवस्तूंच्या किमतीहून जास्त होती. आमच्या घरात त्या घोडीच्या पुष्कळ गोष्टी आहेत. ती पुरात पोहली, तिनं जखमी धन्याला घरी आणलं. पण सगळ्या गोष्टी अ‍ॅब्सलम तिच्यावर बसल्यापासून सुरू होतात.

मी पुढचे दोन शनिवार कोर्टाच्या इमारतीत काढले. टेस टेबलाखाली रंगीत खडू घेऊन बसायची. टिडमोर नावाखाली काहीच सापडलं नाही. गेल्या तीस वर्षांत काकांनी आणि दक्षिणेच्या शिपायांच्या वंशजांच्या त्यांच्या मंडळानं तेच नाव चाळून काढलं होतं. ‘आमच्याकडे गुलाम कधी नव्हते, आम्ही गरीब होतो,’ हे काकांचं वाक्य तिथूनच आलं होतं. टिडमोरांच्या नावावर खरंच एकही नव्हता.

दुसऱ्या शनिवारी मला आमचा फ्रीज आठवला. तो माझ्या वडिलांनी दिलेला आहे. पलंगही, टेसची खुर्चीही. उद्या कुणी टिडमोरांचा इतिहास लिहिला तर त्यात माझ्या वडिलांचं नाव येणार नाही. मग मी अ‍ॅब्सलमच्या बायकोच्या, टॅबिथाच्या बापाचं नाव काढलं. रूबेन स्टॅग्ज. त्याचं मृत्युपत्र होतं. ‘माझी मुलगी टॅबिथा हिला एक पलंग, एक चरखा आणि व्हायनी नावाची गुलाम मुलगी.’

पुढच्या वर्षीच्या खरेदीखतांत दुसरा कागद निघाला. अ‍ॅब्सलम टिडमोर यानं नदीच्या धक्क्यावरच्या एका व्यापाऱ्याला व्हायनी नावाची मुलगी, वय अंदाजे पाच, अंगानं निरोगी, देऊन तिच्या बदल्यात तांबडी घोडी, खोगीर आणि लगाम घेतला. आठवड्याभरानं तो घोडदळात भरती झाला होता.

टेस टेबलाखालून म्हणाली, “आई, मला भूक लागली.” मी तिला सफरचंद दिलं आणि तो कागद पुन्हा वाचला. मग तिला बाहेर घेऊन गेले.

वेंडेलला त्याच दिवशी सांगितलं. तो बराच वेळ गाडीची किल्ली बोटात फिरवत राहिला. “मॅमॉला सांगणारेस?”

“तिनंच शोधायला सांगितलं होतं.”

“तिला घोडी हवी होती गं. तिचं वय बघ. त्या दगडासाठी ती जगतेय असं डॉक्टरसुद्धा गमतीनं म्हणतो. हे ऐकून तुझ्याशी बोलायची बंद झाली तर?”

तीच भीती मला होती. मी दोन हकीकती लिहिल्या. एकीत घोडी नुसतीच आली. दुसरीत ती जशी आली तशी आली. मधल्या दिवसांत व्हायनीचं पुढे काय झालं ते शोधलं. लढाईनंतरच्या शिरगणतीत पूर्वी गुलाम असलेल्या काळ्या माणसांची नावं पहिल्यांदा लिहिली गेली, ती पाहिली. नदीकाठच्या त्यांच्या चर्चची जुनी नावं सांभाळणाऱ्या मिसेस गेदर यांनाही लिहिलं. त्यांनी उत्तरात तीन व्हायनी कळवल्या, तिघींची वयं जुळत होती. ‘यांतली कोणती, की कोणतीच नाही, हे मी सांगू शकत नाही,’ असं त्यांनी लिहिलं होतं. ‘तुम्ही विचारलंत तसं सहसा कुणी विचारत नाही. कागदाची प्रत पाठवा.’ मी पाठवली.

मग एका संध्याकाळी टेसला आणायला गेले तेव्हा मॅमॉला सांगितलं. ती ओसरीवर झोपाळ्यात होती आणि टेस पायरीवर मुंग्या बघत होती. मी कागद वाचून दाखवला. मॅमॉनं झोपाळा पायानं थांबवला.

“धक्का म्हणजे खालचा? धरणाजवळचा?”

“हो.”

“लांब आहे.” मग म्हणाली, “त्याच्याकडे घोडा नव्हता.”

“नव्हता, म्हणून तर…”

“नाही, तुझ्या लक्षात येत नाहीये. घोडा नव्हता म्हणजे तो जाताना चालत गेला. येताना बसून आला.” तिनं रस्त्याकडे पाहिलं. “ती जाताना त्याच्याबरोबर चालत गेली.”

एवढी कागदपत्रं चाळून मी घोडीची किंमत पाहिली होती. रस्ता पाहिला नव्हता.

“उचलून घेतलं असेल का त्यानं?” मॅमॉनं विचारलं. उत्तराची वाट न पाहता ती उठली. “टेसनं आज शेंगा खाल्ल्या नाहीत. रात्री दे काहीतरी.”

“मॅमॉ, मी काय वाचू रविवारी?”

“लिहायचं काम तुझं आहे,” ती म्हणाली आणि जाळीचं दार ओढून आत गेली.

पुढचे चार दिवस ती टेसला सांभाळत होती, माझ्याशी हवापाण्याचं बोलत होती आणि त्यापलीकडे काही नाही. मला झोप आली नाही. एकदा वाटलं, उद्यापासून टेसला कुठं ठेवायचं ते आताच बघून ठेवावं.

रविवारी ऊन चांगलं होतं. थडग्यांवर फुलं ठेवून झाली होती, टेबलांवर कोंबडीची डंपलिंग्ज, अंडी, केळ्याचं पुडिंग, बर्फाचा चहा असं सगळं झाकून ठेवलं होतं. काका दक्षिणेच्या शिपायांचा असायचा तसा जुन्या पद्धतीचा करडा कोट घालून दगडाशेजारी उभे होते. दगड चांगला झाला होता, घोडी तर फारच. मॅमॉ घडीच्या खुर्चीत पहिल्या रांगेत होती. दोन्ही हकीकती माझ्या हातात होत्या. टेसला वेंडेलनं धरलं होतं, तरी गवतात गोचिड्या असतात म्हणून माझं एक लक्ष तिच्या पायांकडे होतं.

मी वाचायला लागले. जन्म, लग्न, शिरगणती, गाय. “अठराशे बासष्टच्या ऑक्टोबरात अ‍ॅब्सलम स्वतःची घोडी घेऊन घोडदळात दाखल झाला,” असं वाचलं आणि थांबले. तिथून दोन्ही कागद वेगळे होत होते. वरचा कागद पहिल्या हकीकतीचा होता, घोडी नुसतीच आली तिचा. तो मी उचलला.

“पुढे?” मॅमॉ म्हणाली.

मी वर पाहिलं.

“घोडी कुठून आली ते राहिलं,” ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण मागच्या रांगेतल्यांनाही ऐकू गेला. “ते वाच गं.”

मी खालचा कागद वर घेतला आणि वाचला. व्हायनीचं नाव वाचलं, वय वाचलं, खोगीर आणि लगाम वाचला. कुणीतरी खोकलं. वेंडेलची एक चुलतबहीण मुलांना घेऊन टेबलांकडे गेली. मग लढाई, जखम, परत येणं, सहा मुलं, मरण. संपल्यावर पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली. ती नेहमीपेक्षा आखूड होती.

जेवताना होइट काका ताट घेऊन मॅमॉच्या खुर्चीशी आले. ताटात त्यांनी काहीच वाढून घेतलं नव्हतं.

“आई, खरं असेल ते. मी खोटं म्हणत नाही. पण इथं? बाबांच्या थडग्यापुढे? आज?”

“मग कुठं म्हणायचं?” मॅमॉ म्हणाली. “त्या पोरीला दुसरी जागा कुठं आहे? सांग, तिथं जाऊन म्हणते.”

काका वाईट माणूस नाहीत. त्यांनी कोटाची वरची गुंडी सोडली. “चहा आणू का तुला?”

“आण. बर्फ कमी.”

आमची डंपलिंग्ज जवळजवळ तशीच राहिली. मी ती झाकून वेंडेलबरोबर गाडीतून पुढे पाठवली, कारण मॅमॉ म्हणाली की ती घरी चालत येणार. चर्चपासून तिचं घर जवळच आहे, पण ती आताशा चालत नाही. मी काठी दिली, तिनं घेतली नाही, माझा हात धरला. दुसऱ्या हाताला टेस. रस्ता उताराचा, दोन्ही बाजूंना कुंपणाची तार. टेस आधी पुढे पळाली, मग बरोबरीनं आली, मग मागे राहिली. मग ती रस्त्यातच खाली बसली.

“पाय दुखतात,” ती म्हणाली.

मॅमॉ थांबली. तिनं वळून मागे पाहिलं. चर्चचं छप्पर अजून दिसत होतं, दफनभूमीतली माणसंही ओळखू येत होती.

“एवढ्यातच,” ती म्हणाली.

मी टेसला उचलून घेतलं. मॅमॉनं पुन्हा माझा हात धरला आणि आम्ही खाली निघालो.